बाईसाहेबांचा बुधवार

गल्लीत तिला सगळे कवळीबाई म्हणत. स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसून ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करायची. डॉक्टर जबड्याचा साचा पाठवत, ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, आणि आठ-दहा दिवसांनी कुणाचं तरी हसू डबीत घालून परत पाठवून द्यायची. वीस वर्षं हेच काम. त्यामुळे माणूस समोर आला की आधी जबडा बघायचा आणि मग चेहरा, अशी तिला खोडच लागली होती.

घरात माणसं तीन. नवरा पुलांच्या कामावर क्रेन चालवायचा, महिन्यातले दोन रविवार घरी. बाकी दिवस ती आणि सासरे. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म सगळा बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीच्या इंजिनाशेजारी गेलेला, त्यामुळे बोलणं मोठ्याने आणि ऐकणं कमी. चौथी होती ती वाम, सापासारखा लांबडा मासा. तिला माणसांत धरायचं की नाही, यावर घरात एकमत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी टगबोटीच्या इंजिनाला गार करणारं समुद्राचं पाणी जिथून आत येतं, त्या जाळीत ती अडकली होती. तेव्हा पेन्सिलीएवढी होती. तात्यांनी ती बादलीत घालून घरी आणली. त्याच वर्षी सासूबाई गेल्या होत्या आणि तात्या चार-चार दिवस कुणाशी बोलत नसत, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. त्यांनी स्वतः काच जोडून टाकी केली, मीठ मोजून पाणी केलं, खडक रचले, मधे एक प्लास्टिकचा पाइप ठेवला. वाम त्या पाइपात राहायला लागली आणि मनगटाएवढी जाड झाली. तपकिरी अंग, त्यावर पिवळे ठिपके, आणि तोंड सारखं उघडमीट करणारं. तात्या म्हणत, ती श्वास घेते. कवळीबाईला मात्र ती दर वेळी काहीतरी बोलायच्या बेतात आहे असं वाटायचं. तात्या तिला बाईसाहेब म्हणत. सून मनातल्या मनात ‘बया’ म्हणायची.

बुधवारी आणि रविवारी दुपारी तीन वाजता बाईसाहेबांचं जेवण. तात्या दोन पायऱ्यांच्या स्टुलावर चढत, काचेवर दोनदा टिचकी मारत, आणि माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, तुकडा बोटांत धरून हात पाण्यात सोडत. वाम पाइपातून अर्धी बाहेर येई आणि अदबीने तुकडा घेऊन जाई.

“दात बघ तिचे,” तात्या सुनेला सांगत. “आत वळलेले. एकदा आत गेलं ते बाहेर नाही. आणि घशात आणखी एक जबडा आहे, तो पुढे येतो आणि ओढून नेतो. तुझ्या एका तरी डॉक्टरला जमेल का असलं काही?”

“तिला कवळी लागायची नाही, एवढं बरं आहे,” ती म्हणायची आणि आपल्या खोलीत जायची.

मग तात्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले. नऊ दिवस दवाखान्यात काढले. सोडताना डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू केली आणि सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, “जपा. साधं ब्लेड लागलं तरी रक्त लवकर थांबणार नाही. पडू देऊ नका, कापू देऊ नका.” दोन मजले चढणं महिनाभर बंद, म्हणून तात्या शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर राहणाऱ्या लेकीकडे गेले. नवराही सुटीच्या रविवारी थेट बहिणीकडे वडिलांपाशीच जायचा. म्हणजे एकूण पाच आठवडे वाम सुनेच्या हवाली.

तात्यांचा रोज फोन यायचा. प्रकृतीचं नंतर, आधी, “बाईसाहेबांना दिलं का?”

पहिल्या बुधवारी तिने दिलं. लांब चिमटा घेतला, तुकडा धरला, झाकण उघडलं. वाम पाइपातून अशी सुटली की चिमटा हातातून पाण्यात आणि कवळीबाई स्टुलावरून जमिनीवर. तुकडा वामेनं खाल्ला. कोपर आठ दिवस दुखत होतं.

रविवारी तिने झाकणाला हात लावला आणि काढून घेतला. उद्या देऊ. सोमवारी एक अडलेलं काम आलं. बुधवारी परत तीच गत. “दिलं का?” तात्यांनी विचारलं, आणि ती म्हणाली, “दिलं.” पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. नंतर सरावली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिच्या लक्षात आलं की आपण आता घाबरून टाळत नाही आहोत. डॉक्टरांचं वाक्य तिला सारखं आठवत होतं, आणि ते सोयीचंही होतं. तात्या परत येणार, हात पाण्यात घालणार, आणि एक दिवस ही बया चावणार. त्याआधीच ती आपोआप मेली, तर कुणाचा दोष? म्हातारं जनावर होतं, गेलं. पाणी कमी झालं की वरून ओतायचं एवढं तिने केलं. टाकीकडे बघायचं मात्र बंद केलं.

वाम मेली नाही. बारीक झाली. डोक्यामागे खळगा पडला, पोट चपटं झालं, अंग फितीसारखं दिसायला लागलं. आधी ती दिवसभर पाइपात असायची. आता भर दुपारी काचेला घासून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असायची.

सोमवारी सकाळी तात्या परत आले. दोन मजले चढायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. चप्पल काढायच्या आधी ते टाकीपाशी गेले. कवळीबाई त्यांच्या मागे उभी राहिली. आता बघतील, आता विचारतील. तिने उत्तर तयार ठेवलं होतं: बरी नव्हती, खात नव्हती, तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नाही.

तात्यांनी काचेला नाक लावलं. वाम त्यांच्या तोंडासमोरून गेली, फितीसारखी, खपाटीला गेलेल्या पोटाची.

“वा!” तात्या म्हणाले. “काय टवटवीत दिसताहेत बाईसाहेब. छान सांभाळलंस हो पोरी.”

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ते थट्टा करत नव्हते. वाम डावीकडे गेली होती आणि तात्या अजून उजवीकडे बघून हसत होते.

तात्यांना दिसत नव्हतं.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. गेलं वर्षभर पेपर हातात असायचा, पण बातमी कधी सांगायचे नाहीत. चहाचा कप आधी बोटाने चाचपायचे. जिना चढताना भिंत धरायचे, ते दम लागतो म्हणून असं ती समजत होती. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की, “मला काय धाड भरलीये?”

“तात्या, डोळे तपासून घेऊ या का एकदा?”

“डोळ्यांना काय झालंय? आत्ताच सांगितलं ना, बाईसाहेब कशा दिसतात ते.”

नाही तात्या, ती तशी दिसत नाही, असं म्हणायचं तर पुढचं सगळंच सांगावं लागणार होतं. तिने त्यांची पिशवी उचलून आत नेली.

बुधवारपर्यंत दोन दिवस हातात होते. त्या दोन दिवसांत वामेचं पोट भरायचं, असं तिने ठरवलं. सोमवारी संध्याकाळी तात्या आंघोळीला गेले तसे तिने चिमट्याने दोन तुकडे टाकीत सोडले. वाम पाइपात शिरली आणि बाहेर आलीच नाही. महिनाभर झाकण फक्त पाणी ओतायला उघडलं होतं; आता उघडलं की ती लपायची. तुकडे खडकावर पडून राहिले. मंगळवारी सकाळी तिने ते जाळीने काढले आणि नवे टाकले. दुपारपर्यंत तेही तसेच. तात्या म्हणाले, “पाण्याला वास येतोय का गं?” ती म्हणाली, “माझ्या रसायनांचा असेल.” खोटं किती पटकन सुचायला लागलंय, हे तिचं तिलाच जाणवलं.

बुधवारी पावणेतीनला तात्यांनी बाह्या वर केल्या.

“आज चिमट्याने द्या ना,” तिने चिमटा पुढे केला.

“का?”

“डॉक्टर म्हणालेत ना, जखम होऊ द्यायची नाही.”

“ही मला कशाला चावेल? अकरा वर्षं हाताने जेवते ती.”

“पाच आठवडे तुम्ही नव्हता. सवय मोडली असेल.”

“माणसांची मोडते,” तात्या म्हणाले आणि स्टूल ओढलं.

ती दारातच उभी राहिली. सांगून टाकावं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बेल वाजली. दातांच्या दवाखान्याचा माणूस कवळी न्यायला आला होता, वरची आणि खालची, अर्जंट. ती आतल्या खोलीत गेली, डबी शोधली, त्याच्या हातात दिली, त्याने सही मागितली. दोन मिनिटं, फार तर तीन.

“सूनबाई.”

तात्यांचा आवाज एरवी खालच्या मजल्यावर जायचा. आत्ताचा आवाज अगदी हळू होता. म्हणूनच ती पेन टाकून धावली.

तात्या स्टुलावर उभे होते, उजवा हात कोपराच्या वरपर्यंत पाण्यात, डावा टाकीच्या कडेला. चेहरा तिच्या प्लास्टरसारखा. पाण्यात वामेनं त्यांची पहिली दोन बोटं मुळापर्यंत तोंडात घेतली होती. खालचे दात अंगठ्याच्या बेचक्यात रुतले होते. शेपटीचा विळखा तिने पाइपाला घातला होता आणि ती हात खाली ओढत होती. रक्त दोऱ्यासारखं वर येत होतं आणि पृष्ठभागावर पसरत होतं. माकुळाचा तुकडा बाजूला तरंगत होता.

“आधी बटणं,” तात्या म्हणाले. “सगळी बंद कर. आत हीटर आहे.”

तिने भिंतीवरची चारही बटणं खाली केली. अकरा वर्षं चोवीस तास घरघरणारा पंप थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की तात्यांचा श्वास ऐकू यायला लागला.

“सोडत नाहीये,” ते म्हणाले. “ओढला तर आणखी आत जातंय.”

ती स्वयंपाकघरात धावली आणि मोठी सुरी घेऊन आली.

“मान कापते तिची.”

“नको.”

“तात्या, आता तिचे लाड पुरे!”

“अगं लाड नाहीत. मान कापली तरी जबडा सुटत नाही. टगवर बघितलंय मी. मेल्यावर तर कुलूप लागल्यासारखा बसतो. माझी बोटं जातील.”

तिने सुरी खाली ठेवली. पाणी गुलाबी झालं होतं आणि हळूहळू आतलं दिसेनासं होत होतं. गोळी सकाळी तिनेच दिली होती, नाश्त्यानंतर, मोजून. किती वेळ आहे आपल्याकडे? खालून कुणाला हाक मारावी? पण येणारा माणूस काय करणार, तोही ओढणारच. बघितलं की कुणालाही आधी ओढावंसंच वाटेल.

ओढायचं नाही.

तिने वामेच्या जबड्याकडे बघितलं. पहिल्यांदाच इतक्या जवळून, आणि पहिल्यांदाच रोजच्या कामाच्या नजरेने. दात आत वळलेले. म्हणजे अंडरकट. तिच्या टेबलावर हे रोजचं होतं. प्लास्टरच्या दाताला कमरेत खाच असते. त्यावर बसलेली कवळीची पट्टी सरळ वर ओढली की एक तर पट्टी मोडते, नाही तर दात. ती आधी खाली दाबायची, खाचेतून मोकळी करायची, मग तिरकी करून काढायची. अधूनमधून काम शिकायला येणाऱ्या मुलींना ती पहिल्या दिवशी हेच ओरडून सांगायची.

ती मागच्या खोलीतून मेण कापायची सुरी घेऊन आली. बोटाएवढी, बोथट, चपट्या पात्याची. बाह्या वर न करताच तिने दोन्ही हात पाण्यात घातले. डाव्या हाताने वामेची मान धरली. अंगावर नुसता बुळबुळीत थर, बोटं घसरत होती, आणि त्याखाली सगळं अंग एकच ताठर स्नायू. त्याच क्षणी बोटांना तो खळगाही लागला, डोक्यामागचा. तिने पाडलेला.

“तात्या, मी तीन म्हटलं की हात आत ढकलायचा.”

“आत?”

“तिच्या घशात. जोरात. ओढायचा नाही.”

“वेड लागलंय का तुला? आत दुसरा जबडा आहे तिचा!”

“माहीत आहे. तुम्हीच सांगितलंय. ढकलल्याशिवाय दात सुटायचे नाहीत. ऐका माझं.”

तात्यांनी तिच्याकडे बघितलं, किंवा जिथून आवाज येत होता तिकडे. “म्हण,” ते म्हणाले.

“एक. दोन. तीन.”

तात्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हात आत गेला. वामेचा जबडा एक क्षण रुंद झाला, नको तेवढं तोंडात आल्यावर कुणाचाही होईल तसा, आणि तेवढ्यात तिने मेणाची सुरी जबड्याच्या कोपऱ्यात सरकवली आणि आडवी केली. “आता अंगठ्याकडे वळवा. वळवा, ओढू नका. हां. आता बाहेर.”

हात बाहेर आला. वाम उलटी फिरली, शेपटीचा एक फटका काचेवर बसला, आणि ती पाइपात गडप झाली.

तात्या स्टुलावरून तिच्या अंगावरच आले. तिने त्यांना जमिनीवर बसवलं, हात डोक्याच्या वर धरला, कामाचा होता नव्हता तेवढा सगळा कापूस जखमेवर दाबला आणि त्यावर टॉवेल आवळला. मिनिटभरात टॉवेल लाल. दुसरा आवळला. मग खिडकीतून तिने अशी हाक मारली की समोरच्या दुकानातली माणसंसुद्धा बाहेर आली.

खालच्या मजल्यावर ड्रायव्हिंग स्कूलवाला राहायचा. तो नेमका एका बाईंना गाडी शिकवायला निघाला होता. त्याने वर येऊन तात्यांना पाठुंगळी घेतलं, खाली आणलं, आणि शिकाऊ बाईंना मागच्या सीटवर सरकायला सांगितलं. गाडीच्या पुढेमागे ‘शिकाऊ चालक’ अशा भल्यामोठ्या पाट्या. तो जीव खाऊन हॉर्न वाजवत सुटला, तशी रस्त्यावरची वाहनं भराभर बाजूला झाली. अँब्युलन्सलाही कुणी इतकी वाट दिली नसती. शिकाऊ बाई मागे बसून तात्यांचा हात वर धरत होत्या आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. “बाई, तुम्ही शिकू नका,” तात्या मधेच म्हणाले. “हा माणूस असंच शिकवतो.” तेवढं बोलून त्यांची मान कलली, आणि कवळीबाई ओरडली, “अजून जोरात!”

दवाखान्यात रक्त थांबायला तीन तास लागले. आधी गोळीचा परिणाम उतरवणारं इंजेक्शन, मग टाके. एकोणीस. पहिलं बोट वळवणारी शीर तुटली होती, ती जोडावी लागणार होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चटपटीत होत्या. संमतीचा कागद त्यांनी तात्यांसमोर ठेवला. तात्यांनी डाव्या हातात पेन घेतलं आणि ठसक्यात सही केली. कागदापासून वीतभर लांब, टेबलावर.

डॉक्टरीणबाईंनी खिशातली छोटी बॅटरी काढून त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“आजोबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. कधीपासून दिसत नाहीये?”

तात्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “दिसतं तसं. उजेड दिसतो. माणूस आलं गेलं कळतं.”

“घरात सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर पहिल्यांदा टाकी काढली असती.” ते सुनेकडे वळले. “तुला घाबरवलं मी. पण त्यात तिची चूक नाही हं. माझाच अंदाज चुकला. मासा कुठे, बोट कुठे, मला कळलं नाही. मीच तिच्या तोंडात हात दिला.”

कवळीबाईने मान हलवली. बोलायची हीच वेळ होती, आणि ती गेली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. “रविवारी येतो आणि समुद्रात सोडून येतो तिला. बास झालं.”

“ती अकरा वर्षं टाकीत आहे. समुद्रात काय करेल?”

“काय वाटेल ते करू दे! तूच म्हणायचीस ना, कधी एकदाची जाते?”

“म्हणायचे,” ती म्हणाली. “पण अशी नाही पाठवायची. आधी तिला खाऊ दे.”

“खाऊ दे म्हणजे? खात नाही का ती?”

“फोन ठेवते, डॉक्टर आल्यात,” ती म्हणाली. डॉक्टर आल्या नव्हत्या.

तात्यांना दवाखान्यातच ठेवून घेतलं होतं. घरी येऊन तिने पहिल्यांदा बटणं चालू केली. पाणी अजून गुलाबीच होतं. बादल्या भरभरून तिने अर्धं पाणी उपसलं, तात्यांच्या वहीत बघून मीठ मोजलं, नवं पाणी केलं, एक दिवस मुरू दिलं आणि घातलं. वाम पाइपात होती. फक्त तोंड दिसायचं, उघडमीट, उघडमीट. दुपारी तीनला तिने टिचकी मारली, चिमटा पुढे केला आणि दहा मिनिटं धरून उभी राहिली. वाम आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हात अवघडायचा, मनात भीती असायचीच, आणि तुकडा परत काढून टाकावा लागायचा. आता तिला रोज सकाळी उठल्यावर आधी टाकीपाशी जावंसं वाटायचं, मेली तर नाही ना हे बघायला. महिन्याभरापूर्वी तिला याच प्रश्नाचं वेगळं उत्तर हवं होतं.

रविवारी नवरा आला. टाकीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “ही अशी का दिसतेय?” तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने टाकीचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाला, “तात्यांना हे कधी सांगू नकोस.” समुद्राचं नावही न काढता तो परत गेला.

नवव्या दिवशी वामेनं तुकडा घेतला. झेप नाही, काही नाही. डोकं बाहेर काढलं, वास घेतला, आणि चिमट्यातून ओढून नेला. कवळीबाई स्टुलावर बसली आणि तिला रडू फुटलं. मग उठून तिने दुसरा तुकडा दिला.

दीड महिन्याने तात्यांच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तोवर वाम थोडी सावरली होती, पण थोडीच. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. तात्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. कवळीबाईने रेडिओ बंद केला.

“तात्या, उद्या पट्टी निघायच्या आत तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांग.”

“तुम्ही पाच आठवडे नव्हता. बाईसाहेबांना मी एकदाच खायला दिलं. पहिल्या बुधवारी. नंतर नाही.”

तात्यांची मान किंचित वर झाली. “खात नव्हती?”

“मी देत नव्हते. आधी घाबरले. मग वाटलं, मरू दे. मरायचीच वाट बघत होते मी. ती उपाशी होती म्हणून चावली, तात्या. तुमचा अंदाज नाही चुकला.”

“मी फोन करायचो तेव्हा तू...”

“खोटं बोलायचे.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तो नुसता झाकला. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“रेडिओ लाव,” ते शेवटी म्हणाले.

पट्टी निघाली. घरी आल्यावर तात्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसले आणि जेवायच्या वेळेपर्यंत उठले नाहीत. सुनेशी बोलणं ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच. चहा ठेवला तर घ्यायचे, विचारलं तर उत्तर नाही. चार दिवस असे गेले. कवळीबाई मागच्या खोलीत काम करायची आणि एकच दात तीन-तीनदा बसवायची. इतकं वाकडं काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“मला राग आलाय,” ते म्हणाले. “तुझ्या भित्रेपणाचा नाही. तो कळतो मला. मी तिकडे खाटेवर पडून तिचं विचारायचो आणि तू ‘दिलं’ म्हणायचीस, त्याचा आलाय.”

“हो.”

“तो जाईल की नाही, मला माहीत नाही. उगाच जाईल म्हणून सांगत नाही.”

“नका सांगू.”

ते तिथेच उभे राहिले. तिच्या टेबलावरचे जबडे एकेक करून बघत होते. बहुधा कित्येक महिन्यांनी त्यांना ते नीट दिसत होते.

“हात आत ढकलायचं सुचलं कसं तुला?”

तिने एक साचा उचलला, त्यावर कवळीची पट्टी बसवली आणि सरळ ओढून दाखवली. निघाली नाही. मग दाबली, तिरकी केली, अलगद काढली. तात्यांनी साचा हातात घेतला. पहिलं बोट वळत नव्हतं, त्यामुळे तो त्यांना तळहातावर तोलावा लागला. त्यांनी पट्टी दोनदा बसवून काढली.

“आज वार कोणता?”

“बुधवार.”

“मग तीन वाजलेत,” ते म्हणाले. “चिमटा तू धर. पण तू फार वरून सोडतेस, रविवारी बघितलं मी. तिला वर मान करायला आवडत नाही. चल, दाखवतो.”